नाताळात आईला सांगितलं, मे महिन्यात मुलगी बघायला जायचंय

पेटीवाला_३१

जय ख्रिस्त, नमस्कार, सलाम, ज्याला जे चालेल ते. चार-पाच वर्षं इथे नुसता वाचतोय. हा आयडी नवा काढलाय कारण जुन्यावर ओळखणारे आहेत.

मी मूळचा भुसावळचा, नोकरी पुण्यात. वडील रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाले, आणि आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पण वडील आहेत, म्हणजे एल्डर, कारभार बघणारे, म्हणजे घरी पण वडील देवळात पण वडील, सुटका कुठेच नाही. आई चर्चच्या स्त्री संघात. मी बारा वर्षांचा असल्यापासून उपासनेला पेटी वाजवतो, अजूनही गावी गेलो की रविवारी मीच बसतो.

मी गे आहे. नववी-दहावीपासून माहीत आहे. तेव्हापासून दर प्रभुभोजनाला (उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेतात तो विधी) 'आत्मपरीक्षण करा' म्हटलं की पोटात गोळा यायचा, आणि मी पेटीवर असल्यामुळे उठून जाता पण यायचं नाही.

२३ डिसेंबरला रात्री आई करंज्या तळत होती. मी सारण भरून कातण्याने कडा कापत होतो, ते काम लहानपणापासून माझंच. तिने विषय काढला की चाळीसगावची एक मुलगी आहे, नर्सिंग झालंय, घरचे चांगले, फोटो दाखवू का. मी कातणं खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. तिने गॅस बंद केला. एक शब्द बोलली नाही. पंधरा-वीस मिनिटांनी परत पेटवला, तेल गार झालेलं, ते तापेपर्यंत आम्ही दोघं ताटातल्या कच्च्या करंज्यांकडे बघत बसलो. मग म्हणाली, बाबांना बोलू नकोस. आणि उरलेल्या सगळ्या तळून डबा भरला.

त्यानंतर रोज सकाळी साडेसहाला व्हॉट्सअ‍ॅपवर वचन. आधी पण यायचं, पण आता निवडून येतं, कळतंय ना. फेब्रुवारीत तिने पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्रींच्या, कानावर घातलं. त्यांनी फोनवर चाळीस मिनिटं प्रार्थना केली आणि सात शुक्रवार उपास सांगितला. मी धरला पण. सातव्या शुक्रवारी भूक लागली होती, बाकी सगळं होतं तसंच.

आता मे महिन्यात सुट्टी काढून ये, चाळीसगावला जायचंय, असं चाललंय. पुण्यातले मित्र म्हणतात चर्च सोड, विषय संपव. मला सोडायचं नाही. त्यांना ते कळत नाही आणि घरच्यांना दुसरं कळत नाही. कोणी दोन्ही घेऊन जगतंय का? आणि या मे महिन्याचं काय करू?

शेवभाजी_स्पेशल

आधी एक बाळबोध शंका, तुम्ही लोक चर्चला देऊळ म्हणता?? आणि नाताळला करंज्या? मला वाटायचं केक आणि वाईन.

पेटीवाला_३१

करंज्या, चकल्या, अनारसे, सगळं. केक बेकरीतून येतो, तो पाहुण्यांना. आणि हो, देऊळच म्हणतात, आजी तर चर्च शब्द कधी बोललीच नाही.

तापीकाठ

भाऊ, तुना धर्म सोडू नको, पोरले फसाडू नको. बस. बाकी दुनिया गेली उडत.

मिशन_कंपाउंड

पेटीवाला, मी तुझ्या वडिलांच्या वयाचा असेन, खांदेशातच आयुष्य गेलं, त्यामुळे अरेतुरे करतो, राग मानू नकोस. तू खरं बोललास याचं मला कौतुक आहे. पण इथे आता सगळे 'जा बेटा जी ले' म्हणणार, म्हणून कोणीतरी दुसरी बाजू सांगायला हवी.

पवित्र शास्त्र या बाबतीत गुळमुळीत नाही. समलिंगी संबंधाला मनाई करणारं लेवीय १८ सोडून दे, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय तर नव्या करारातला आहे. मोह होणं हे पाप नाही, त्याप्रमाणे चालणं हे पाप, असं आम्ही मानत आलो. प्रत्येकाच्या वाट्याला एक वधस्तंभ असतो. अविवाहित राहून प्रभूची सेवा करणारे आपल्याकडे कमी झालेत का? ते पत्र लिहिणारा पौल स्वतः अविवाहित होता. लग्न कर असं मी मुळीच म्हणणार नाही, ते चूकच होईल. पण जे आहे त्याला देवाची मान्यता आहे असं म्हणवून घेऊ नकोस, एवढंच. राग आला तर माफ कर.

जळगावची_सिस्टर

काका, तुमचा सूर सभ्य आहे म्हणून सभ्यपणे विचारते. अविवाहित राहायचं बोलावणं पौलाला आलं, त्याने ते स्वतः स्वीकारलं. माझ्या वतीने ते तुम्ही कसं स्वीकारता? आणि तुमच्या मंडळीत एखादी चाळिशीची अविवाहित बाई असेल तर तिला किती शांतपणे जगू देतात तेही सांगा. मला तर प्रत्येक लग्नात 'आता तुझा नंबर' ऐकावं लागतं, वधस्तंभ वाहू द्या म्हणावं तर तोही कोणी धड वाहू देत नाही.

मी नर्स आहे, त्यामुळे आयडी दोन्ही अर्थाने घ्या. आम्ही दोघी नऊ वर्षं एका घरात राहतो. मालकीणबाई म्हणतात 'किती छान मैत्रिणी'. बायकांचं एक बरं असतं, कोणाच्या डोक्यातच येत नाही. वाईट हे की आजारी पडलं तरी कोणाच्या डोक्यात येत नाही. मागच्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं तेव्हा सहीसाठी नाशिकहून तिच्या भावाला बोलवावं लागलं, मी त्याच वॉर्डात ड्युटीला असून. तो चार वर्षं तिच्याशी बोललेला नव्हता.

जंक्शनवाला

सिस्टर, +१. हे सहीचं दुखणं कायद्याने पण सुटलेलं नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं म्हणजे गुन्हा राहिला नाही, एवढंच. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क नाकारला, ते संसदेचं काम म्हणून सोडून दिलं.

मी कॅथलिक, आमच्याकडचं सांगतो. धर्मशिक्षणाच्या ग्रंथात एकाच पानावर दोन गोष्टी आहेत, कृतीला स्पष्ट नाही, आणि माणसाला आदर, करुणा, संवेदनशीलतेने वागवा, अन्यायी भेदभाव नको. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३७७ परत जिवंत केलं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस म्हणाले होते की चर्चने समलिंगी लोकांना गुन्हेगार कधीच मानलेलं नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, पेपरात ते वाचून बाथरूममध्ये जाऊन रडलो होतो. १८ डिसेंबर २०२३ ला तर व्हॅटिकनने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला हरकत नाही म्हणून कागद काढला. लग्न नाही, विधी नाही, उभ्या उभ्या आशीर्वाद. आमच्या फादरना विचारलं तर म्हणाले, बाळा तू आधी कोणी शोध तरी, मग बघू.

शेवभाजी_स्पेशल

फादर भारी आहेत 😂 आमच्या भटजींना विचारलं तर आधी दक्षिणा विचारतील.

पाळकाची_लेक

आयडीवरून कळलंच असेल. माझे पप्पा आयुष्यभर खांदेशात पाळक होते, दर तीन-चार वर्षांनी बदली, आम्ही पार्सनेजमध्ये (चर्चने पाळकाला दिलेल्या घरात) वाढलो. मिशनकाका, तुमच्यासारख्यांच्या मांडीवर खेळलेय, त्यामुळे जरा वाद घालते.

करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात जो ग्रीक शब्द आहे, आर्सेनोकोइताई, तो पौलाच्या आधी कुठे सापडत नाही, त्याचा नेमका अर्थ काय यावर विद्वान आजही भांडतात. इंग्रजी बायबलात तिथे 'होमोसेक्शुअल' हा शब्द पहिल्यांदा १९४६ मध्ये आला. समलिंगी पापामुळे देवाने नष्ट केलं म्हणतात त्या सदोम शहराचं म्हणाल तर यहेज्केल १६ मध्ये सरळ लिहिलंय सदोमाचं पाप काय होतं, गर्व, भरपूर अन्न, निवांतपणा आणि गरिबाला हात न देणं. आता लग्नातल्या पंगती बघून सांगा सदोम कुठे आहे. लेवीयाच्या १९ व्या अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नका असंही आहे. पप्पांचा उपदेशाचा सफारी टेरिकॉटचा होता, म्हणजे दोन धाग्यांचाच.

माझ्या आवडीचे दोन उतारे वेगळेच आहेत. एक यशया ५६. नियमशास्त्राप्रमाणे ज्या षंढाला मंडळीत येता येत नव्हतं, त्याला देव म्हणतो, स्वतःला वाळलेलं झाड म्हणू नकोस, माझ्या घरात तुला मुलामुलींपेक्षा चांगलं नाव देईन. दुसरा प्रेषितांची कृत्ये ८, तो कूशी (इथिओपियाचा) अधिकारी. षंढच. रथात बसून यशयाच वाचत असतो, ५३ वा अध्याय. सुवार्ता सांगायला आलेल्या फिलिप्पाला विचारतो, हे बघ पाणी आहे, बाप्तिस्मा घ्यायला मला आडकाठी काय? आणि फिलिप्प कमिटीची मीटिंग बोलवत नाही हो, सरळ पाण्यात उतरतो.

मिशन_कंपाउंड

मुली, टेरिकॉटचं उत्तर सोपं आहे, खाण्यापिण्याचे आणि शुद्धाशुद्धाचे नियम पेत्राच्या दर्शनात गेले, कृत्ये १०. नीतीचे राहिले. आणि षंढ वेगळा, हे वेगळं, दोन्हीची मोट बांधू नकोस. पण कमिटीचं बोललीस ते खरं आहे. आमच्याकडे पंखा बसवायला दीड वर्ष गेलं.

नवापूरकर

वाचतोय कालपासून. लिहू की नको करत होतो.

मी नवापूर तालुक्यातला, मावची आदिवासी. आमच्याकडे चर्च म्हणजे रविवारपुरतं नाही, गावच चर्च आहे. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या सख्ख्या भावांनी त्यांना विहिरीवर पाणी भरू देणं बंद केलं होतं, देवमोगरा मातेच्या जत्रेला येत नाही, नवस फेडत नाही, मोहाची पाजत नाही, मग तू आमचा कसा. म्हातारीला माती द्यायला पण भाऊबंद आले नाहीत. ही गोष्ट आमच्याकडे दर वर्षी मंडळीच्या वार्षिक सभेत साक्ष म्हणून सांगतात. सगळे रडतात. मी पण रडायचो. मग एक दिवस डोक्यात आलं की माझं कळलं तर हेच लोक माझ्यासाठी विहीर बंद करतील, आणि पुढच्या वार्षिक सभेत परत पणजोबांची साक्ष सांगतील.

आता दुसरी बाजू. आमच्यावर बाहेरून पण लक्ष असतं. आदिवासी असून ख्रिस्ती, त्यामुळे सवलती काढा, धर्मांतर करतात, हे दर निवडणुकीला चालूच. प्रार्थना सभेला कोण आलं कोण गेलं हे बघणारे असतात. अशात मी काही बोललो तर माझे लोक म्हणतील, आधीच आपल्यावर डोळा आहे त्यात तू हे काढलंस. आणि ते घाबरून म्हणतील, दुष्टपणे नाही. त्यामुळे राग पण नीट धरता येत नाही. पुण्यामुंबईच्या पोरांना हे समजावणं अवघड. ते म्हणतात बाहेर ये. अरे कुठे येऊ, बाहेर ते उभे आहेत.

मी सुरतला काम करतो. गावी गेल्यावर चर्चला जातो. प्रार्थना मराठीत होते, पण मनातली मी मावचीतच करतो, तिथे कोणी पाळक मध्ये नसतो.

तापीकाठ

नवापूरकर भो... काही बोलता येईना.

पाळकाची_लेक

तुमच्या पणजोबांसारख्या गोष्टी आपल्या सगळ्यांच्याच घरात आहेत. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कितीतरी वर्षं वेगळ्या राहिल्या, माहेरसासरचे सगळे जणू मेलेल्याचं सुतक धरल्यासारखे. आपण त्यांची गीतं म्हणतो. पहिल्या पिढीने 'घरच्यांचं ऐकू की देवाचं' या प्रश्नाला 'देवाचं' असं उत्तर दिलं म्हणून आपण ख्रिस्ती आहोत. आता आपलीच पोरं तो प्रश्न विचारतात तर आपण म्हणतो घरच्यांचं ऐक.

मिशन_कंपाउंड

या बोलण्यावर मला लगेच उत्तर सुचत नाहीये. विचार करून लिहितो.

मानसडॉक

उपास-प्रार्थना कोणी स्वतःच्या श्रद्धेने करत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण पुढची पायरी बहुतेक वेळा 'एका डॉक्टरांना दाखवू' ही असते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मद्रास हायकोर्टाने २०२१ च्या एका निकालात असले 'बरं करण्याचे' प्रकार थांबवायला सांगितलं, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तो डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तणुकीचा गुन्हा ठरवला. कोणी गोळ्या, शॉक, संमोहन असलं काही सुचवलं तर त्याच्या नावाने मेडिकल कौन्सिलकडे तक्रार होऊ शकते. माझ्याकडे आईवडील येतात पोराला घेऊन, मी पोराला बाहेर बसवतो आणि आईवडिलांशी बोलतो. पेशंट तेच असतात, झोप त्यांची उडालेली असते.

कळणाभाकरी

मी हिंदू घरातली, साठीची बाई, माझा मुलगा असाच आहे. मला टाइप करायला वेळ लागतो सांभाळून घ्या. मुलाने सांगितलं तेव्हा मी पण गॅस बंद केला होता म्हणून लिहिते. तुझी आई करंज्या टाकून उठली नाही रे. सगळ्या तळल्या. मी तर तीन दिवस स्वयंपाकच केला नव्हता

शेवभाजी_स्पेशल

काकू 🙏

नाव_नको

सहा दिवस हा धागा वाचतेय. सगळं आलं, ग्रीक शब्द आला, कार्डिनल आले, पणजोबा आले. चाळीसगावच्या त्या मुलीबद्दल एक तापीकाठ सोडला तर कोणी अक्षर काढलं नाही.

मी ती मुलगी आहे. ही नाही, दहा वर्षांपूर्वीची. आमच्या लग्नाला चारशे माणसं होती. पाळकांना माहीत होतं, त्यांच्या आईला माहीत होतं, 'लग्न झालं की सुधारेल' म्हणून सगळ्यांनी प्रार्थना करून माझ्या गळ्यात घातला. माणूस वाईट नव्हता. रोज डब्यात माझ्या आवडीची भाजी आहे का बघायचा. पण रात्री दुसरीकडे तोंड करून जागा असायचा आणि मी विचार करायचे माझ्यात काय कमी आहे. चार वर्षं. स्त्री संघात माझ्यासाठी 'गर्भाशय उघड' म्हणून प्रार्थना व्हायची, सासूबाई स्वतः करायच्या, डोळे मिटून, सगळं माहीत असून.

शेवटी त्यानेच सांगितलं. मग कोर्ट. आपल्याला १८६९ चा कायदा लागतो, त्यात संमतीने घटस्फोट २००१ च्या दुरुस्तीने आला, त्याआधी तर कोणाला तरी व्यभिचारी नाहीतर क्रूर ठरवावं लागायचं. त्यातही आधी दोन वर्षं वेगळं राहा. ती दोन वर्षं मी माहेरी मागच्या खोलीत काढली. त्याच्याबद्दल मंडळी म्हणायची 'बिचारा', माझ्याबद्दल 'हिला नांदता आलं नाही'.

पेटीवाला, तुझ्या श्रद्धेचं तू बघ, मला त्यात पडायचं नाही. पण मे महिन्यात तिथे पोहे खायला जाऊ नकोस. 'नुसतं बघून येऊ, आईचं मन राखू' हे पण नको. ती मुलगी त्या दिवशी साडी कोणाकडून तरी मागून आणेल.

पेटीवाला_३१

वाचलं. दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर मी मनात 'जाऊन नकार देऊ' असंच ठरवलं होतं, म्हणजे नकार माझा राहील, कारण विचारणार नाहीत. तिचं काय होईल हा विचार डोक्यात आलाच नव्हता. लाज वाटतेय.

जळगावची_सिस्टर

नाव_नको, तुम्ही जळगावात असाल तर कधी पण चहाला या. भरीत करते.

शेवभाजी_स्पेशल

भरीत बामणोदच्या वांग्याचं असेल तर मी पण. उन्हाळ्यात वांगी कडू निघतात मात्र.

जळगावची_सिस्टर

तुम्हाला कोण बोलावलंय 😄 आणि उन्हाळ्यातलं मी करतच नाही, थंडीतच.

मिशन_कंपाउंड

विचार करून लिहितो म्हणालो होतो. वचनाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, ते खोटं खोटं बदललं असं लिहिणार नाही. पण नाव_नको यांचं वाचून मला आमच्या मंडळीतलं एक लग्न आठवलं. मी तेव्हा कमिटीत होतो. मुलगा तसा आहे अशी कुजबुज आमच्या कानावर होती. लग्नाची जाहिरात चर्चमध्ये तीन रविवार वाचली, 'कोणाला हरकत असेल तर सांगा' असं मीच माईकवर वाचलं. आणि कोणी काही बोललं नाही, मी पण नाही. ती मुलगी आता कुठे आहे मला माहीत नाही.

पेटीवाला, वडिलांना सांग. ते तुला समजून घेतील असं मी म्हणत नाही. पण देवळात वडील असलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं.

जंक्शनवाला

काका, हे लिहायला हिंमत लागते. सलाम.

अवांतर, नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय चर्च परिषदेत लैंगिकतेच्या विषयावर बरीच वर्षं कार्यशाळा, चर्चा चालू आहेत, पाळकांसाठी पण. म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळींत कोणी बोलतच नाही असं नाही. खाली भुसावळपर्यंत यायला गाडी लेट आहे.

पेटीवाला_३१

उशिरा लिहितोय. मागच्या आठवड्यात गेलो होतो गावी.

बाबांना सांगितलं. घरी नाही, संध्याकाळी ते स्टेशनकडे फिरायला जातात, पादचारी पुलावर उभे राहून गाड्या बघतात, तिथे. एक मालगाडी खालून जात होती, ते सवयीने वॅगन मोजत होते. मी बोललो. ते मोजतच राहिले. गाडी संपली, शेवटचा डबा गेला, आणि म्हणाले, अठ्ठावन्न. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही की काय. मग विचारलं, 'चाळीसगावच्या लोकांना कोणी कळवलंय का?' मी म्हटलं नाही. तर म्हणाले, 'मग त्यांना का अडकवून ठेवलंय.' खिशातून मोबाईल काढला आणि तिथूनच तिच्या वडिलांना फोन लावला, आमच्याकडून योग नाही, चूक आमची आहे, मुलीत काही नाही, दुसरीकडे बघा. मुलीत काही नाही हे दोनदा बोलले.

माझ्याशी त्यानंतर बोललेले नाहीत. चार दिवस होतो, ताटावर पण गप्प. आईवर चिडलेत की तिला आधी माहीत होतं. रविवारी मी पेटीवर बसलो, ते समोरच्या बाकावर. प्रभुभोजनाच्या वेळी ते पुढे आलेच नाहीत, बसून राहिले. मला वाटायचं न येणारा मी असेन. त्याचा अर्थ काय लावायचा मला अजून कळलेलं नाही, माझी लाज वाटली की स्वतःबद्दल काही होतं, विचारायची हिंमत झाली नाही.

नाव_नको, फोन झाला, एवढं तुम्हाला सांगायचं होतं.

नाव_नको

कळलं. बरं झालं.

नवापूरकर

आणि आई?

पेटीवाला_३१

आई तशीच. निघताना डबा दिला. साडेसहाचं वचन चालू आहे, पण निवडून पाठवायची ते बंद झालंय, आता ओळीने येतं, रोज एक अध्याय, फोटो काढून. यशया चाललाय. आज मंगळवार, आज ५३ आला.

पाळकाची_लेक

म्हणजे शुक्रवारी ५६.